एकोणचाळीस हजारांतली पहिली

चंद्रशेखर वैशंपायनला स्वतःच्या हुशारीचा अभिमान होता आणि तो त्याने कधी लपवून ठेवला नाही. लपवायचा कशाला? सांगलीतून निघून सिंगापूरच्या युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्रात पीएचडी केलेला माणूस, आता रॅफल्स प्लेसच्या बँकेत एकविसाव्या मजल्यावर बसतो, हाताखाली सहा माणसं आहेत. एवढ्या भांडवलावर लोक आत्मचरित्र लिहितात. चंद्रशेखर फक्त जेवताना बोलायचा.

"माणूस तोंड उघडायच्या आत त्याच्या मनात काय आहे ते माझ्या यंत्राला कळतं," त्या रात्री मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये चौथी पुरी वाढून घेत तो म्हणाला.

उल्काने, म्हणजे त्याच्या बायकोने, पाचवी पुरी तेलात सोडली. चौदा वर्षांची आर्या फोनमधून मान वर न काढता सिंगापुरी थाटात "ओके लाह, बाबा" म्हणाली. घरात विद्वत्तेची कदर एवढीच होती, आणि चंद्रशेखरला एवढी पुरत असे.

ही बँक इस्लामी पद्धतीने चालणारी. व्याज घ्यायचं नाही, द्यायचं नाही. दारू-जुगाराच्या धंद्यात पैसा घालायचा नाही. आणि कुठलीही नवी सेवा काढायची तर धर्मशास्त्र जाणणाऱ्या तीन विद्वानांच्या कमिटीने आधी 'चालेल' म्हणायला हवं. ते नाही म्हणाले की विषय संपला. मग तुमचं गणित कितीही देखणं असो.

चंद्रशेखरच्या डोक्यातून निघालेल्या सेवेचं नाव होतं 'नियत'. कल्पना अशी, की मक्केच्या यात्रेला जायचं माणूस आधी मनात ठरवतो. हजसाठी तर इथून वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. उमरा ही छोटी यात्रा तुलनेने लवकर होते, पण तिलाही पैसा साठवावा लागतो. तर ज्याच्या मनात संकल्प उगवलाय त्याला बँकेने आधीच ओळखायचं आणि यात्रेसाठी बिनव्याजी बचतीची योजना घेऊन त्याच्या दारात उभं राहायचं. ओळखायचं कसं, तर माणूस कार्डाने काय खरेदी करतो, केव्हा करतो, काय टाळतो त्यावरून. एकोणचाळीस हजार ग्राहक, अडीच वर्षांचे व्यवहार, आणि तेवढं सगळं दळून यंत्र एक यादी काढायचं. ज्याची यात्रेला जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, तो पहिला.

"आणि गंमत काय माहितेय?" चंद्रशेखर म्हणाला. "आम्ही नाव बघत नाही, धर्म विचारत नाही. ग्राहक म्हणजे नुसता एक नंबर. कुठला नंबर कुणाचा ते मलासुद्धा माहीत नाही. आम्ही फक्त वागणं बघतो."

फक्त स्वतःचा नंबर पाहायची परवानगी कर्मचाऱ्यांना होती, चाचणीपुरती. चंद्रशेखरने तो पाहिला होता. दोन स्टॉपसाठी टॅक्सी, दुपारी तळलेली केळी, चार वाजता पुन्हा तळलेली केळी, अडीच वर्षांत एकही दिवस उपाशी नाही आणि बचतीच्या नावाने पूज्य. एकोणचाळीस हजारांत त्याचा नंबर शेवटून सतरावा लागला होता. कुठल्याही यात्रेला हा माणूस जाणार नाही, असं यंत्राने छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि यंत्र इतकं अचूक निघालं म्हणून चंद्रशेखरने त्या दिवशी सगळ्यांना कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली होती.

"हे सांगायला कॉम्प्युटर कशाला लागतो?" उल्का म्हणाली आणि तिने गॅस बंद केला.

तिचं खातंही त्याच बँकेत होतं. नव्या शाखेसाठी प्रत्येक कर्मचाऱ्याने घरचं एक तरी खातं आणावं असं फर्मान निघालं तेव्हा चंद्रशेखरने बायकोचं उघडलं होतं आणि नंतर विसरून गेला होता. उल्का विसरली नव्हती. घरी गणिताच्या शिकवण्या घेऊन आलेले पैसे ती त्यात भरायची आणि सगळी खरेदी त्याच कार्डावर करायची.

कमिटीची बैठक महिन्यावर आली तशी चंद्रशेखरची झोप उडाली. दोन वर्षांचं काम पणाला होतं. कमिटीने नकार दिला तर सहाजणांचा चमू मोडायचा आणि चंद्रशेखरची रवानगी तोआ पायोहच्या मागच्या ऑफिसात व्हायची. त्या ऑफिसला खिडकी नव्हती. तिथे दर महिन्याला तेच तक्ते भरायचे आणि वरच्या मजल्यावर पाठवायचे, जिथे ते कुणी वाचत नाही. पूर्वी तीन वर्षं तो तिथे बसला होता. आणि आता सांगलीला फोन करून आईला 'एकविसाव्या मजल्यावर आहे' असं सांगून झालेलं होतं.

त्यातून कमिटीचे प्रमुख उस्ताझ इद्रिस म्हणजे अवघड प्रकरण. सत्तरीचे, किडकिडीत, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागायचं, आणि पुढे वाकलेल्या माणसाला ते हळूच असा प्रश्न विचारत की त्याला सरळ होता येऊ नये. मागच्या वर्षी एका सेवेवर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. ती सेवा काय होती हे आता कुणाला आठवतही नाही.

चंद्रशेखरच्या साहेबीण रोहाना मॅडम यांनी तोडगा काढला. त्या म्हणाल्या, कमिटीला आकडे नका दाखवू, माणूस दाखवू. यादीत जो पहिला आहे त्याला शाखेकडून पत्र पाठवू आणि बैठकीला बोलावू. बँकेने आपलं मन ओळखलं याचा त्याला किती आनंद झाला हे कमिटी त्याच्याच तोंडून ऐकेल. पत्र परस्पर शाखेतून जाईल, म्हणजे नाव कुणालाच कळणार नाही आणि नियमही मोडणार नाही. चंद्रशेखरला ही युक्ती इतकी आवडली की दोन दिवसांत ती त्याला स्वतःचीच वाटायला लागली.

पत्राचा मजकूर त्यानेच लिहून दिला. 'आपण मनोमन योजलेल्या पवित्र यात्रेत आमची बँक आपल्या सोबत आहे. आपण अद्याप कोणाला सांगितले नसेल, पण आम्ही जाणतो.' हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर तो खुर्चीत मागे रेलला आणि बराच वेळ त्याच्याकडे कौतुकाने बघत बसला.

त्यानंतरच्या आठवड्यात घरात काहीतरी बिनसलं.

उल्का बोलेनाशी झाली. भांडण करून बोलायचं बंद करणं वेगळं, त्यात निदान आवाज असतो. ही नुसती बघायची. तो बूट घालत असला की बघायची, तो फोनवर असला की बघायची. चंद्रशेखरने कॅलेंडर तपासलं. लग्नाचा वाढदिवस नव्हता, तिचा नव्हता, सासूबाईंचाही नव्हता. मग त्याने निष्कर्ष काढला की बैठकीची तारीख जवळ आल्यामुळे तिला त्याची काळजी वाटते आहे. त्याला भरून आलं.

एका संध्याकाळी तिने विचारलं, "शेखर, तू माझी निळी वही उघडली होतीस?"

निळी वही स्वयंपाकघरातल्या खणात असायची. महिन्यापूर्वी इलेक्ट्रिशियनचा नंबर शोधायला चंद्रशेखरने तिचं पहिलं पान उघडलं होतं. वाणसामान, फोन नंबर, बिलांच्या तारखा, सगळं कसं रकाने आखून लिहिलेलं. त्याला तेव्हाच कौतुक वाटलं होतं, आणि ते सांगून टाकायची ही चांगली वेळ होती.

"उघडली की," तो म्हणाला. "काय सुंदर लिहिलंयस गं. मी ऑफिसातही सांगितलं. रोहाना मॅडमना म्हटलं, नियोजन कसं करावं ते माझ्या बायकोकडून शिका."

उल्काच्या हातातली वाटी हातातच राहिली. "ऑफिसात सांगितलंस?"

"मग? सगळ्यांना सांगितलं."

तिने वाटी खाली ठेवली आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. कौतुकाने बायको लाजली, अशी चंद्रशेखरने स्वतःची समजूत करून घेतली. ती परत आली तेव्हा तिने शांतपणे विचारलं, की तुमची ती बैठक गुरुवारी तीन वाजताच आहे ना? तो हो म्हणाला. तारीख लक्षात ठेवलेली पाहून त्याला पुन्हा भरून आलं.

गुरुवारी दुपारी तो नवा टाय बांधून कमिटीसमोर उभा राहिला. लांबट टेबलाच्या त्या बाजूला तीन विद्वान, मधोमध उस्ताझ इद्रिस, या बाजूला रोहाना मॅडम, आणि कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन वरुण. हा वरुण कोल्हापूरचा पोरगा, गेल्याच वर्षी युनिव्हर्सिटीतून चमूत आलेला. बोलायचा कमी आणि चंद्रशेखरच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायचा, त्यामुळे चंद्रशेखरला तो फार होतकरू वाटायचा.

चंद्रशेखर चाळीस मिनिटं बोलला, आणि खरंच चांगला बोलला. दोन विद्वानांनी टिपणं घेतली. उस्ताझ इद्रिस पहिल्या क्रमांकाच्या ग्राहकाचा कागद हातात धरून बसले होते. नाव नव्हतंच, नुसत्या तारखा आणि खरेदी.

"एक गोष्ट मला समजत नाही," ते म्हणाले. सगळे पुढे वाकले. "रमझान सोडून जे स्वेच्छेने रोजे धरतात, ते बहुधा चांद्र महिन्याच्या तेरा, चौदा, पंधरा तारखेला. ही व्यक्ती दर महिन्याला न चुकता अठराला किंवा एकोणीसला धरते. हा कुठला उपास?"

चंद्रशेखरची आई गेली पन्नास वर्षं पौर्णिमेनंतरच्या चौथ्या दिवशी, दर महिन्याला, चंद्र उगवेपर्यंत उपाशी राहते. लहानपणी सांगलीच्या घरी गच्चीवर चंद्र बघायला त्यालाच पाठवत. पण एकविसाव्या मजल्यावर माणसाला गच्ची कुठून आठवणार? तो आत्मविश्वासाने म्हणाला, की ही असामान्य भक्तीची खूण आहे. म्हणूनच तर ही व्यक्ती पहिली आली.

उस्ताझ इद्रिसनी मान हलवली, पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. मग त्यांनी खरा प्रश्न काढला. "दुसऱ्याच्या खासगी गोष्टींत डोकावू नये, अशी आम्हाला आज्ञा आहे. माणसाचा उपास हा त्याचा आणि परमेश्वराचा मामला. तुमचं यंत्र सेवा करतं की टेहळणी?"

चंद्रशेखरला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. त्याने सांगितलं, की नावं झाकलेली असतात, कुणाची माहिती कुणाच्या हाती लागत नाही, आणि कुठल्याही माणसाने कुणाच्या आयुष्यात डोकावलेलं नाही. बाकी ग्राहकाला राग येतो की आनंद होतो, ते त्याच्याकडूनच ऐकावं. एवढं बोलून त्याने दाराकडे असा हात केला की पडदा वर जावा. रोहाना मॅडमनी दार उघडलं.

दारात उल्का उभी होती. मोरपंखी साडी, हातात पर्स, पर्सच्या बाहेर डोकावणारी निळी वही.

चंद्रशेखरला वाटलं, बायको आपल्याला धीर द्यायला आली. इतकं कौतुक सगळ्यांसमोर होईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो पुढे झाला आणि त्याने कमिटीला सांगितलं, की ही माझी पत्नी, माझं सादरीकरण ऐकायला मुद्दाम आली आहे. मग तिला एका बाजूची खुर्ची दाखवून तो दाराबाहेर वाकून बघायला लागला.

"काय शोधताय?" रोहाना मॅडमनी विचारलं.

"ग्राहक."

"याच आहेत. पत्र घेऊन आल्यात."

चंद्रशेखर हसला, कारण त्याला दुसरं काही सुचेना. रोहाना मॅडम हसल्या नाहीत. त्या पत्राची प्रत बघत होत्या, मग चंद्रशेखरकडे, मग पुन्हा पत्राकडे, आणि एकोणचाळीस हजार ग्राहकांतून याने नेमकी स्वतःची बायको वर काढली, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होता.

उल्का उस्ताझ इद्रिसांच्या समोर जाऊन बसली. तिला तक्रार करायची होती, आणि ती तिने उत्तम इंग्रजीत, गणिताच्या शिक्षिकेच्या शिस्तीत केली. तिने मनाशी एक यात्रा ठरवली आहे. पुण्याच्या बहिणीला, संजीवनीला सोडून तिने ते कुणालाही सांगितलेलं नाही. तिने ते या वहीच्या शेवटच्या पानांवर लिहून ठेवलं होतं. तिच्या नवऱ्याने वही वाचली, ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, आणि मग बँकेचं पत्र आलं, की आम्ही जाणतो.

"यात यंत्र कुठे आलं?" ती म्हणाली. "हे तर माझ्या स्वयंपाकघरातल्या खणातून आलं."

एका मिनिटात चंद्रशेखर टेहळणी करणारा, खोटी यादी बनवणारा आणि बायकोची वही चोरून वाचणारा ठरला होता, आणि पहिल्या दोन गुन्ह्यांचा पुरावा तिसऱ्यात होता. त्याच्या डोळ्यांसमोर तोआ पायोहची ती भिंत उभी राहिली, जिथे खिडकी असायला हवी होती.

"मी शेवटची पानं नाही वाचली," तो कसाबसा म्हणाला. "मी इलेक्ट्रिशियनचा नंबर बघितला."

आणि मग कोपऱ्यातला वरुण खाकरला. आयुष्यात पहिल्यांदाच तो आपणहून बोलत होता. तो म्हणाला, या व्यक्तीला पहिला नंबर का मिळाला त्याची कारणं यंत्राने नोंदवून ठेवलेली असतात. बाईंची हरकत नसेल तर ती वाचू का? ती दुकानांतून आलेली आहेत, वहीतून नाहीत.

उल्काने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि वाचायला सांगितलं.

"दर महिन्याचा चांद्र तिथीचा उपास," वरुणने वाचलं. "रोज सकाळी हॉकर सेंटरच्या ठेल्यांवर कोपी आणि प्राटा, म्हणजे पराठा, घेतात, त्या दिवशी काही नाही."

"संकष्टी," उल्का म्हणाली. मग तिने उस्ताझ इद्रिसना समजावून सांगितलं, की हा गणपतीचा उपास, चंद्र उगवल्यावर सोडायचा. त्यांनी विचारलं, सिंगापुरात चंद्र केव्हा उगवतो. ती म्हणाली, साडेनऊ, कधी दहा, आणि ढग असले तर दिसतही नाही. सूर्यास्तानंतरही अडीच-तीन तास थांबायचं हे ऐकून तिघांनीही तिच्याकडे आदराने पाहिलं. "तुला माहीत नव्हतं का रे?" तिने मराठीत चंद्रशेखरला विचारलं. त्या दिवशी घरात जेवण उशिरा असतं हे त्याला माहीत होतं. पण ते शिकवण्यांमुळे, असं तो धरून चालला होता.

"गेलांग सराईच्या बाजारातून महिन्याला दोन किलो खजूर."

"लाडू करते. चालताना खायला. तूही रोज डब्यात नेतोस."

"ते बेसनाचे नव्हते?" चंद्रशेखर म्हणाला.

"वर्षभरापासून बिनवासाचा साबण," वरुण खाली मान घालून वाचत राहिला. "मक्केच्या यात्रेच्या नियमांत सुवास चालत नाही, म्हणून यंत्राने हे महत्त्वाचं मानलं. मग पांढरं सुती कापड, आठ मीटर. चालण्याचे बूट, दोन जोड. एक जोड झिजलेला असावा, कारण दुसरा सहा महिन्यांनी घेतला. मांस नाही, मद्य नाही. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला यात्रेसाठी साठवावी तशी वेगळी काढून ठेवलेली रक्कम. दीड वर्षात एकदाही चुकलेली नाही."

चंद्रशेखरच्या चेहऱ्यावरून एकेक वस्तू जाताना सगळ्यांना दिसत होती. साबणाला वास नव्हता, आणि तो वर्षभर त्याच साबणाने अंघोळ करत होता. पांढरं कापड त्याने कपाटात पाहिलं होतं आणि पडदे करायचे असतील असं समजला होता. बूट त्याला आर्याचे वाटले होते.

"यात्रा कुठली?" उस्ताझ इद्रिसांनी विचारलं.

"नर्मदा परिक्रमा," उल्का म्हणाली. "आमच्याकडे नर्मदा नावाची नदी आहे. एका तीरावरून निघायचं, समुद्रापर्यंत जायचं, आणि दुसऱ्या तीरावरून उगमाला वळसा घालून परत. पांढरे कपडे, सुवासाचं काही नाही, कमी सामान. तीन हजार किलोमीटरच्या वर आहे."

उस्ताझ इद्रिसनी चष्मा काढला. "पायी?"

"पायी."

चंद्रशेखरचं तोंड उघडंच होतं. उल्का त्याच्याकडे वळली, बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, आणि तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. तीस-पस्तीस मुलांच्या तोंडांवरून कुणी उत्तर चोरलंय आणि कुणाला प्रश्नच कळला नाही, हे ओळखणारी बाई ती. ती कमिटीकडे वळून म्हणाली, "मी तक्रार मागे घेते. याने वही वाचलेली नाही. याला खरंच काही माहीत नाही."

रोहाना मॅडमनी विचारलं, की नक्की?

"चेहरा बघा ना त्याचा," उल्का म्हणाली.

सगळ्यांनी चेहरा बघितला. त्याहून मोठा पुरावा कुणाला लागला नाही. चंद्रशेखर वैशंपायन हा माणूस निव्वळ घरातलं काहीही न कळण्याच्या जोरावर निर्दोष सुटला, आणि त्याच्याबरोबर त्याचं यंत्रही.

कमिटी आतल्या खोलीत गेली आणि वीस मिनिटांनी परत आली. ती वीस मिनिटं नवरा-बायको शेजारी-शेजारी बसून होते. चंद्रशेखरने हळूच विचारलं, की मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "दोनदा सांगायला आले होते. दोन्ही वेळा तू मला यंत्र समजावून सांगत होतास." त्याला ते दोन्ही प्रसंग आठवले. दोन्ही वेळा तो छान बोलला होता.

उस्ताझ इद्रिसांनी उल्काला विचारलं, की पत्र वाचून तुम्हाला काय वाटलं? ती म्हणाली, भीती वाटली, आणि मग राग आला. आपल्या घरात कुणीतरी येऊन गेल्यासारखं. त्यांनी मान डोलावली आणि निकाल सांगितला. यंत्राचं काम अव्वल आहे, इतकं की त्याने नदीसुद्धा ओळखली असती, फक्त त्याला कुणी नदीबद्दल शिकवलं नव्हतं. "पण ओळखलं म्हणून बोलून दाखवायचा हक्क मिळत नाही," ते म्हणाले. सेवा चालेल. एकच अट. पत्रं जाणार नाहीत. बँक प्रत्येक ग्राहकाला एक साधा प्रश्न विचारील, की तुम्हाला कुठे यात्रेला जायचं आहे का? जो आपणहून हो म्हणेल, त्याच्यासाठीच यंत्राने पुढचं गणित करायचं. बाकीच्यांच्या बाबतीत यंत्राने गप्प बसायचं.

उल्काने विचारलं, की तिची नदी यात बसते का? ते म्हणाले, ठेव तुमची आहे आणि चालणार तुमचे पाय आहेत. बँकेने पैसे सांभाळायचे आणि त्यावर व्याज लावायचं नाही, बाकी बँकेने विचारू नये. मग निघताना ते रोहाना मॅडमना म्हणाले, की पहिला नंबर योग्य व्यक्तीला गेला. हे वाक्य चंद्रशेखरने ऐकलं आणि त्याच्या नव्या टायची गाठ आपोआप सरळ झाली.

एमआरटीच्या मेट्रोने घरी येईपर्यंत तो पूर्ववत झाला होता. मरीन परेड स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर त्याने उल्काला तीन वेळा सांगितलं, की धर्म न विचारता, नाव न बघता, एकोणचाळीस हजार लोकांतून यंत्राने सर्वांत पक्क्या निश्चयाची बाई शोधून काढली, आणि ती त्याची बायको निघाली. म्हणजे दोन्ही बाजूंनी अभिमान त्याचाच. त्याने सांगलीला फोन लावून आईलाही सांगितलं. आई म्हणाली, उल्काला दे. आणि मग अर्धा तास त्या दोघीच बोलत बसल्या.

आर्या शाळेतून आली. परिक्रमेचं ऐकून तिला काहीच वाटलं नाही. "मम्मी दर शनिवारी ईस्ट कोस्टवरून चांगीपर्यंत चालत जाते," ती म्हणाली. "यू डोन्ट नो मेह, बाबा?"

जेवताना त्याने विचारलं, की परिक्रमेला किती दिवस लागतात. चार महिने तरी, उल्का म्हणाली. पुढच्या दिवाळीनंतर निघायचं, संजीवनीबरोबर. चंद्रशेखरने ताटाकडे बघितलं. पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की चार महिने जेवायचं काय, पण ते त्याने गिळलं, आणि त्याला वाटलं की हे न बोलणं हीदेखील एक प्रगतीच आहे. दुसऱ्यांदा जे मनात आलं ते खरं होतं. ही बाई दीड वर्ष एका नदीच्या दिशेने चालत होती, त्याच्या शेजारून, आणि त्याला चाहूल लागली नव्हती. त्याला वाईट वाटलं, आणि तिचा अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं याचं गणित त्याला जमेना. उस्ताझ इद्रिसांनी घातलेली अट त्याला आठवली. अंदाज करायचा नाही. विचारायचं.

"उल्का," तो म्हणाला, "मी येऊ का तुझ्याबरोबर?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. फार प्रेमाने पाहिलं, याबद्दल त्याच्या मनात आजही शंका नाही. मग तिने त्याच्या ताटात एक लाडू ठेवला, खजुराचा.

"तुझा नंबर कितवा होता रे?"

"शेवटून सतरावा," चंद्रशेखर म्हणाला.

"मग राहू दे. यंत्रावर माझा विश्वास आहे."

चंद्रशेखर लाडू खाऊ लागला. तो बेसनाचा नव्हता, हे आता त्याला स्पष्ट कळत होतं. बायको जाणार हे यंत्राने बरोबर ओळखलं, आणि नवरा जाणार नाही हेही बरोबर ओळखलं; म्हणजे एकाच घरात दोन अंदाज आणि दोन्ही अचूक. खरं सांगायचं तर त्याला त्याचाही थोडा अभिमान वाटलाच, आणि दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात सगळ्यांना पुन्हा एकदा कोपी पाजली.